शेजारची सीट

६ जानेवारी

ती. वन्संना,
सा. न. वि. वि.

तुमच्या गुडघ्याचे टाके निघाले हे वाचून जीव भांड्यात पडला. आता डॉक्टर सांगतील तेवढंच चाला. मुख्याध्यापिकेचं पद सोडून इतकी वर्षं झाली, आता घरातल्या घरात राउंड घ्यायची काही गरज नाही.

इथली बातमी चांगली नाही, म्हणून तीच आधी सांगते. ह्यांनी लायसन्स परत केलं. कंपवाताच्या गोळ्या चालू आहेत, हाताची थरथर वाढलेली नाही, आणि अजून काही महिने गाडी चालवायला हरकत नाही असं डॉक्टर म्हणाले होते. पण परवा नाक्यावर ह्यांचा पाय ब्रेकवर जायला क्षणभर उशीर झाला. कुणाला काही लागलं नाही. समोरच्या सायकलवालीला तर कळलंसुद्धा नाही. हे घरी आले, तोंड धुतलं, इस्त्रीचा शर्ट घातला आणि कचेरीत जाऊन लायसन्स देऊन आले. जन्मभर अ‍ॅम्ब्युलन्स चालवलेला माणूस, कुणी थांब म्हणायच्या आधी स्वतःहून थांबला. मला इतका अभिमान वाटला! पण तो बोलून दाखवायची सोय नाही, कारण त्या दिवसापासून घरात फक्त घड्याळ बोलतंय.

जेवणाच्या टेबलासमोर लावलेला तो मोठा नकाशा तुम्हाला माहीत आहेच. परदेशातलं ते द्वीपकल्प, समुद्रात हात लांब करून झोपल्यासारखं. निवृत्त झाल्यावर तिथे गाडी भाड्याने घ्यायची आणि पार टोकापर्यंत जायचं, हे आमचं लग्नाच्या आधीपासून ठरलेलं. लोकांनी मुलांची नावं ठरवली, आम्ही मुक्काम ठरवले. येत्या मेमध्ये निघणारच होतो. काल ह्यांनी तो नकाशा उतरवला आणि गुंडाळी करून कपाटामागे टाकला.

मी जेवताना म्हटलं, मी चालवीन गाडी. हे हसले. मग मी हसत नाहीये हे लक्षात आल्यावर पान अर्धवट टाकून उठले.

वन्सं, मी ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नाव घातलंय. अठ्ठावन्न वर्षांची मी एकटीच आहे. बाकी सगळी पोरं माझ्याकडे कुणाला तरी सोडायला आलेय असं बघतात. तुमच्या भावाला तुम्हीच समजावून सांगा. तुमचं ते ऐकतात.

गुडघा जपा, माया आहे तशीच असू द्या.
तुमची,
सुई


१९ जानेवारी

चि. सौ. सुईस,
अ. उ. आ.

थिएटरातल्या तुझ्या त्या शिवणखोलीत सगळे तुला सुई म्हणू लागले तेव्हा मला ते नाव मुळीच रुचलं नव्हतं. राजाराण्यांचे अंगरखे शिवणाऱ्या बाईला जरा भारदस्त नाव असावं, असं माझं मत. तुझं पत्र वाचल्यावर मत बदललं. दिसायला एवढीशी, पण कातडं असो की गोणपाट, आरपार जायचं म्हटलं की जाते.

आता कामाचं. मी त्याला काहीही सांगणार नाही. घरात आम्ही त्याला भोंगा म्हणायचो ते काही उगाच नाही. लहानपणी औषध प्यायला लाडीगोडी लावली की हा असा गळा काढायचा की शेजारचे धावून यायचे. आणि बाटली त्याच्या हातात देऊन, आजीला दोन चमचे दे रे, म्हटलं की तिला देताना स्वतःही मुकाट्याने पिऊन टाकायचा. त्याला समजूत घातलेली चालत नाही. त्याला काम लागतं. तेव्हा तू त्याला समजावू नकोस. त्याला विचार. क्लच कधी सोडायचा, चढावर गाडी मागे का येते, असलं काहीही विचार. एका शब्दात उत्तर देईल. तेवढं घे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा विचार.

तुझी काळजी वाटत नाही असं लिहिलं तर ते खोटं होईल. नकाशात बघितलं मी. गावं कमी, खडीचा रस्ता आणि दोन्हीकडे समुद्र. पण काल शेजारणीला मी तीनतीनदा सांगितलं, की आमची भावजय गाडी शिकतेय. चौथ्यांदा सांगायला लागले तेव्हा ती बिचारी दळण आणायला निघून गेली.

दोघांना आशीर्वाद. तुमची खुशाली कळत राहिली की माझा गुडघा आपोआप बरा होईल.
ताई


२४ फेब्रुवारी

ती. वन्संना,
सा. न. वि. वि.

पहिल्या परीक्षेत नापास झाले. गाडी मागे घेताना खांबाला टेकवली. परीक्षक भला माणूस होता. म्हणाला, खांब नवा होता, त्याला सवय नव्हती.

शिकवणारी मुलगी माझ्या निम्म्या वयाची आहे, पण आवाज तुमच्यासारखा. आरसा बघा म्हणाली की माझी पाठ ताठ होते. शिवणखोलीत माझी सगळ्यांनी मिळून टर उडवून झाली. मुख्य नट रोज विचारतो की आज मी कुठल्या रस्त्याने येणार, म्हणजे तो दुसऱ्या रस्त्याने जाईल.

पण तुमची मात्रा लागू पडली. मी रोज एक प्रश्न विचारत गेले. आधी ‘हं’ आणि ‘नाही’ एवढंच मिळायचं. मग एक दिवस, खडीवर गाडी घसरली तर ब्रेक मारायचा का, असं विचारलं, तेव्हा ह्यांनी पेपर खाली ठेवला आणि पूर्ण उत्तर दिलं. ब्रेक अजिबात मारायचा नाही, पाय उचलायचा, जिकडे जायचंय तिकडे बघायचं, हात आपोआप तिकडे वळतात. हे सांगताना त्यांचे हात थरथरत होते, पण आवाज कसा खणखणीत होता म्हणून सांगू!

नापास झाले त्या रविवारी हे स्वतःहून म्हणाले, चल. शिकवणाऱ्या मुलीला तिची गाडी घेऊन बोलावलं होतं. थिएटरच्या मागच्या अंगणात घेऊन गेले. माझ्या शिवणखोलीतले कपडे चढवायचे दोन पुतळे त्यांनी पहारेकऱ्याकडून बाहेर काढवले, एकावर राजाचा अंगरखा, दुसऱ्यावर राणीचा घागरा. म्हणाले, ह्या दोघांच्या मधे गाडी लाव. खांब तुला परका वाटतो, हे कपडे तू शिवलेत, ह्यांना तू धक्का लावणार नाहीस. राणी दोनदा आडवी झाली. दुसऱ्या वेळी हे पोट धरून हसले, खुर्चीवर बसावं लागलं त्यांना. किती दिवसांनी ऐकलं मी ते हसू! तिसऱ्या वेळी गाडी बरोबर मधे उभी राहिली. हे उठून राणीच्या घागऱ्याची धूळ झटकत राहिले.

लोभ वाढवा, कमी करायची तर सोयच नाही.
तुमची,
सुई


१२ मार्च

चि. सौ. सुईस,
अ. उ. आ.

तुझं पत्र मी मोठ्यांदा वाचलं, एकटी असूनही.

परवा भोंग्याचा फोन आला होता. अर्धा तास बोलला आणि सगळं तुझ्याबद्दल. तू घाई करत नाहीस म्हणाला. चुकलीस तरी गडबडत नाहीस, टाका उसवून पुन्हा घालावा तशी गाडी पुन्हा लावतेस म्हणाला. अशी चालक आपल्या अ‍ॅम्ब्युलन्सवर कामाला असती तर रोगी निम्मे गाडीतच बरे झाले असते, असंही म्हणाला. त्याने कुणाची एवढी स्तुती केलेली मी कधी ऐकलेली नाही. माझी तर नाहीच.

पण मग म्हणाला, की तो येणार नाही. तू तुझ्या मैत्रिणीला घेऊन जा, तिला फिरायची हौस आहे. गाडीत सामान म्हणून जायचं नाही मला, हे त्याचे शब्द. मी वाद घातला नाही. तुझ्यापासून लपवावं असंही मनात आलं, पण चाळीस वर्षांत मी तुला खोटं सांगितलेलं नाही, आता काय सुरुवात करायची? ह्यापुढे काय करायचं ते माझ्यापेक्षा तुला जास्त कळतं.

मी इकडे वाचनालयातून त्या भागाबद्दलचं एक पुस्तक आणलंय. वारा इतका असतो की गाडीचं दार उघडताना धरून ठेवावं लागतं, नाहीतर उलटं वळून मोडतं. हे विसरू नकोस.

आशीर्वाद आणि बराचसा धीर पाठवतेय, दोन्ही पोचल्याचं कळव.
ताई


९ एप्रिल

ती. वन्संना,
सा. न. वि. वि.

आशीर्वाद पोचले, धीरही पोचला. पास झाले!

तुमचं पत्र आलं त्या दिवशी मी शिवणखोलीत कपड्यांच्या रांगेत शिरून मनसोक्त रडले. मग तोंड पुसलं आणि घरी आले. हे खिडकीपाशी बसले होते. मी रागवायचं ठरवून आले होते, पण तोंडातून निघालं ते खरं. म्हटलं, मला भीती वाटते. नुसती गाडी चालवता येते मला. वाऱ्यात गाडी ओढली गेली की काय करायचं, इंजिनाचा आवाज बदलला की थांबायचं का, संध्याकाळ व्हायच्या आत पुढचं गाव गाठता येईल की नाही, ह्यातलं काही मला कळत नाही. माझी मैत्रीण चांगली आहे, पण ती माझ्याहून भित्री. तुम्ही शेजारी नसलात तर मी पहिल्याच वळणावरून परत येईन.

वन्सं, हे मी त्यांना बरं वाटावं म्हणून म्हटलं नव्हतं. आणि ते त्यांना बरोबर समजलं. खुर्ची माझ्याकडे वळवली. मग विचारलं, गाडीचे टायर कसले आहेत?

तेव्हापासून घराचा नियंत्रण कक्ष झालाय. नकाशा कपाटामागून बाहेर आला आणि थेट टेबलावर पसरला. आम्ही जेवतो मांडीवर ताटल्या घेऊन. जिथे पेट्रोलपंप आहे तिथे ह्यांनी माझे लाल काचेचे मणी ठेवलेत. कुठला मणी दुसऱ्यापासून फार लांब दिसला की हे पेट्रोलचा जास्तीचा डबा घ्यायचं फर्मान काढतात. गोळीची वेळ आणि माझी विश्रांतीची वेळ त्यांनी एकच करून टाकलीय, म्हणजे कुणाचीच चुकायला नको. दार धरून ठेवायला मी जाड पट्टा शिवलाय, तुमच्या पुस्तकातलं वाचून. वजन टांगून बघितलं ह्यांनी, पास म्हणाले.

नेहमी दुसऱ्यांसाठी वेळ गाठत आलेला हा माणूस आता आमच्यासाठी वेळ मांडतोय. मी समोर बसून नुसती बघत राहते.

विमान पाच मेला आहे. नमस्कार करते आणि निघते, तुम्ही मनाने बरोबर या.
तुमची,
सुई


२२ मे

ती. ताईस,
सा. न.

हे पत्र मी लिहितोय. दोन दिवस लागले, रोज थोडं थोडं. सुई म्हणाली ती लिहील, मी नको म्हटलं.

परवा आम्ही टोकाला पोचलो. मधे तीन दिवस वारा होता. एका ठिकाणी खडीवर गाडी मागून घसरली. मी काहीच बोललो नाही, बोलायला वेळच नव्हता. हिने पाय उचलला, जिकडे जायचं तिकडे बघितलं, गाडी सरळ झाली. मग शांतपणे बाजूला थांबून पाणी प्यायली आणि मला विचारलं, बरोबर केलं ना? ताई, इतकी वर्षं मी नवी मुलं तयार केली. एवढं थंड डोकं क्वचित बघितलं.

टोकाच्या जरा अलीकडे समुद्राने सोडलेली सपाट जमीन आहे. टणक, पांढरी, नजर पोचेल तिथवर मोकळी. माणूस नाही, झाड नाही. हिने तिथे मधोमध गाडी थांबवली, खाली उतरली, वळसा घालून माझ्या बाजूला आली आणि दार धरून उभी राहिली. म्हणाली, इथे कुणाला धक्का लागणार नाही. चालवा.

ह्याच्यासाठी तिने किती दिवस मनात जागा शोधून ठेवली असेल, ते मला तिच्या चेहऱ्यावर दिसलं. वारा तिला उभं राहू देईना. मी माझ्या हातांकडे बघितलं. ते नेहमीसारखेच होते.

मी विचार केला, आणि तिला जे म्हटलं ते तुलाही सांगतो. म्हटलं, मी आयुष्यभर पुढचा रस्ता सोडून काही बघितलं नाही. मागे कुणी तरी मरत असायचं, बाजूला बघायची मला परवानगी नव्हती. गेल्या दोन आठवड्यांत मी किनाऱ्यावर सील प्राणी बघितले, उन्हात पोरांसारखे लोळणारे. ढगांच्या सावल्या गवतावरून पळताना बघितल्या. तू गाडी चालवताना खालचा ओठ दातात धरतेस हे बघितलं. हे मला कुठलंच माहीत नव्हतं. तू चालव, मला बघू दे.

ती दार लावून परत आपल्या जागेवर गेली, डोळे पुसले, आरसा बघितला आणि गाडी सुरू केली.

पुढे रस्ता संपतो आणि पाणी लागतं. तिथे आम्ही गाडीतच बसून उकडलेली अंडी खाल्ली. बाहेर बसणं शक्यच नव्हतं. परतीचा रस्ता वेगळा धरायचा असं हिचं म्हणणं आहे, पूर्वेच्या किनाऱ्याने. लांब पडेल, पण मी हो म्हटलंय.

तुझा गुडघा बरा होऊ दे. पुढच्या वर्षी मागची सीट रिकामी आहे. हिने तुला विचारायला सांगितलं आहे, आणि मी आपणहून विचारतो आहे.

तुझा,
भोंगा