पाण्याची वही

२ मार्च २०२५, रविवार

आधी तब्येती. उषाचा गुडघा आज बरा, जिना एकदाही न थांबता चढली. शंतनुची सर्दी गेली. भाग्यश्रीची पाठ धरलीय — सूनबाई दिवसभर त्या कॉम्प्युटरपुढे बसतात, दुसरं काय होणार! सानिकाचा खालचा दात हलतोय, पण कुणाला बोट लावू देत नाही. माझं पोट ठीक, झोप ठीक. बाकीचं लिहायचा धीर होत नाही.

इथल्या मराठी मंडळात भाषण झालं. टाळ्या पडल्या. पुरे.

३ मार्च

काल ‘पुरे’ लिहून वही मिटली. पुरे कसलं! चाळीस वर्षं रोज लिहितोय, निदान या वहीशी तरी खोटं नको.

विषय होता ‘पाणी’. शब्द एकच, पण ज्याच्या त्याच्या कामात त्याचा अर्थ निराळा. हिवाळाभर माणसं गाठत हिंडलो, वेगळी वही केली. गार्डन रीचला रेल्वेच्या कचेरीत असताना ओळखीचा झालेला एक टर्नर — त्यानं हत्याराला पाणी कसं देतात ते सांगितलं. लाल तापवायचं, बुडवायचं, धार टिकते ती त्या पाण्यामुळे. खिदिरपूरला कस्टममध्ये आहेत ते सलीलसाहेब म्हणाले, ‘जहाजाला किती पाणी लागतं ते आधी बघतात, कमी असेल तर ते भरतीची वाट बघत बाहेर उभं.’ मोत्याचं पाणी वेगळं. कन्यादानात सोडतात ते वेगळं. उषा म्हणाली, ‘माझ्या काकडीला सुटतं तेही लिहा.’ तेही लिहिलं.

आणि सगळ्यांत देखणं मिळालं ते प्रभाकरकडे.

प्रभाकर सोनापट्टीतला गलाईवाला. जुने दागिने वितळवून सोनं शुद्ध करून देतो. विट्याकडचा. त्याचे वडील, आबा, आधी आले, त्यांच्यामागून हा. बोळातल्या जिन्यावरची खोली, एक भट्टी, एक खिडकी, आणि तेजाबाचा वास असा की डोळे चुरचुरतात. तीन दुपारी तिथे बसलो. ‘बसा की काका, च्या सांगतो.’ तो मधे मधे खोकायचा, मी म्हणायचो, ‘थांब, पुन्हा सांग, शब्द खोकल्यात गेला.’ बिचारा पुन्हा सांगायचा.

तो म्हणाला, ‘सोनं पाणी झालं म्हंजे काम झालं न्हवं. वर सायीवानी जाळी धरती बघा. ती फाटून आरशागत झालं, तुमचं तोंड दिसाय लागलं, की आमचं आबा म्हणायचे — पाणी उघडलं! तवा ओतायचं.’

मी म्हटलं, ‘अरे, हे कुठल्याच कोशात नाही!’

‘आबा कशाला कोशात जातील? त्यांचा आख्खा जन्म ह्या बोळात गेला.’

किती हसलो दोघं!

निघताना त्यानं जिन्यात विचारलं, ‘काका, तिथं आबांचं नाव घ्याल न्हवं?’ मी म्हटलं, ‘घेणार म्हणजे काय! पहिलं त्यांचंच.’

काल भाषणात ‘पाणी उघडलं’ सांगितलं आणि पहिल्या रांगेतून ‘वा!’ आलं. बँकेचे मोठे साहेब उठून म्हणाले, ‘गुरुदत्तकाका, हे कुठे सापडलं तुम्हाला?’

आणि मी — काय जिभेवर आलं कोण जाणे — म्हटलं, ‘जुन्या ग्रंथात आहे. शोधणारा पाहिजे.’

शेवटच्या रांगेत प्रभाकर बसला होता. इस्त्रीचा पांढरा शर्ट, डोक्याला टोपी. शेजारी त्याची बायको कालिंदी, घडी मोडलेली नवी साडी. मंडळात ती दोघं पहिल्यांदाच आली होती. बाकीच्यांना ‘ते गलाईवाले’ एवढंच ठाऊक. माझ्या भरवशावर आली होती.

४ मार्च

आज आणखी आठवलं. सलीलसाहेबांचं नाव मी घेतलं होतं! ‘आमचे सलीलसाहेब’ म्हणून, हात त्यांच्याकडे करून. त्यांना टाळ्याही मिळाल्या. म्हणजे विसरलो होतो असं म्हणायचीही सोय नाही. साहेबाचं नाव घेतलं, भट्टीवाल्याचं गिळलं.

का? आठवी नापास आहे मी. शिपाई म्हणून लागलो. कचेरीतल्या रद्दीतली पुस्तकं घरी आणून वाचली, तीच शाळा. समोर सगळे पदव्यावाले बसले होते. वाटलं, गलाईवाल्यानं सांगितलं म्हटलं तर म्हणतील — अच्छा, ऐकीव! ग्रंथ म्हटलं की माणूस दोन बोटं उंच दिसतो.

दिसलो उंच. आता आरशात बघवत नाही.

५ मार्च

प्रभाकरला फोन केला. बंद.

६ मार्च

बंद.

८ मार्च

सानिका जेवताना म्हणाली, ‘आजोबा, तू मला बोललेलास की तो प्रभाकरकाकाच्या बाबांचा वर्ड आहे. मग बुक कुठून आला?’

नऊ वर्षांची पोर. तिचं मराठी निम्मं बंगाली वळणाचं, पण नेमकं जिथे लागायचं तिथे लागलं. शंतनु म्हणाला, ‘सानू, जेव.’ उषानं भात वाढला, माझ्याकडे न बघता. एकेचाळीस वर्षांच्या संसारात एवढं मोठं भांडण झालं नव्हतं.

११ मार्च

अनुराधाताईंचा फोन. बँकेत अधिकारी आहेत, मंडळाची पाडव्याची स्मरणिका त्याच काढतात. ‘काका, भाषण लिहून द्या. चार पानं ठेवलीत तुमच्यासाठी. आणि त्या ग्रंथाचं नाव तेवढं कळवा, तळटीप टाकते.’

म्हटलं, ‘बघून सांगतो.’

फोन ठेवला तर उषा दारात. ‘काय बघून सांगणार?’

मी वर्तमानपत्र उघडलं.

‘आता एक जुना ग्रंथ लिहायला बसा! वेळ आहे पाडव्यापर्यंत.’

हसू आलं मला. तिला नाही आलं.

१४ मार्च

दोल, म्हणजे इथली धुळवड. खाली सोसायटीत रंग. सानिकानं माझ्या गालांना गुलाल फासला, म्हणाली, ‘आजोबा, हास ना.’ हसलो.

१७ मार्च

शेवटी गेलो सोनापट्टीत. वाटेत सगळी वाक्यं जुळवून ठेवली होती — ‘प्रभाकर, माझं चुकलं’ इथून सुरुवात, चहा यायच्या आत सगळं सांगून मोकळं व्हायचं.

खोलीला कुलूप!

खाली तराजू विकणारे म्हातारे बाबू आहेत, त्यांना विचारलं. ‘प्रभाकरबाबू? उनि तो देशे गेछेन!’ गावी गेला. केव्हा? सहा तारखेला. सामानसुमान घेऊन. बायकोच घेऊन गेली म्हणाले. पुढचं भरभर बोलत होते, हातगाडीवाल्यांचा ओरडा चाललेला, मला नीट समजलं नाही. विचारायचं त्राणही नव्हतं. गावचा पत्ता तेवढा मागून घेतला. कालिंदीनं बाबूंकडे लिहून ठेवला होता, कुणी टपाल आणलं तर पाठवायला.

म्हणजे भाषणानंतर चार दिवसांत. कालिंदीनंच रागानं नेलं असणार. सभागृहातून सगळ्यांत आधी तीच उठली होती, चहालाही थांबायला तयार नव्हती, त्याचा दंड धरून नेत होती. मी बघितलं आणि मान फिरवली. साहेबांशी बोलत होतो ना!

माझ्या एका वाक्यापायी माणसानं तीस वर्षांची भट्टी विझवली? इतका राग? यायलाच हवा. आबांचं नाव होतं ते.

येताना ट्राममध्ये बसलो आणि दोन थांबे पुढे गेलो.

१९ मार्च

उषाला सगळं सांगितलं. ती म्हणाली, ‘मला कशाला सांगता? जिथे बोललात तिथे जाऊन सांगा.’ मग थोड्या वेळानं चहा दिला. साखर नेहमीची होती.

२० मार्च

अनुराधाताईंकडे गेलो. बसलो नाही, उभ्यानंच सांगितलं. ‘ताई, ग्रंथ-बिंथ काही नाही. तो शब्द प्रभाकरच्या वडलांचा. त्याच्या खोलीत बसून ऐकला, वहीत लिहिला आणि तुमच्यासमोर खोटं बोललो. मोठं दिसायची हाव.’

त्या म्हणाल्या, ‘पण काका, त्या दिवशी मी प्रभाकरांना जिन्यापाशी गाठून विचारलं होतं. म्हटलं, तुमच्या धंद्यातला शब्द, तुम्हाला ठाऊक असेल. तर ते म्हणाले, न्हाई ताई, काकांनीच मला पुस्तकातनं वाचून दावला.’

ताईंनी खुर्ची पुढे केली.

मी त्याच्या बापाचं नाव गिळलं, आणि त्यानं जिन्यात उभं राहून माझी लाज झाकली! आणि त्याच वेळी मी आत सभागृहात मान फिरवून उभा.

ताई हळूच म्हणाल्या, ‘मग काय छापू?’

‘हेच छापा. आत्ता बोललो तसंच.’

‘लोक बोलतील, काका.’

‘बोलू देत. त्यांचं बोलणं तरी ऐकीव नसेल.’

त्या हसल्या, मी नाही.

२२ मार्च

लेख लिहायला घेतला. पहिली ओळ: ‘या लेखातला सर्वांत सुंदर शब्द आबांचा आहे. ते सोनापट्टीतले गलाईवाले होते, आणि हे मी तुमच्यापासून लपवलं होतं.’ उषानं वाचली, चष्मा काढला, पुन्हा घातला. म्हणाली, ‘आता बरोबर झालं.’ तीन आठवड्यांनी माझ्याशी नीट बोलली.

सानिकाचा दात पडला. मुठीत घेऊन घरभर हिंडतेय. उषाचा गुडघा ठीक. बरं वाटलं आज. लेख छापून आला की अंक प्रभाकरला गावी पाठवायचा, सोबत चिठ्ठी. राग निवळेल. ‘सायीवानी जाळी’ म्हणाला होता की ‘पापुद्र्यावानी’? त्याचे शब्द जसेच्या तसे हवेत. पाण्याची वही भाषणानंतर कपाटावर टाकली, ती उद्या काढतो.

२३ मार्च

वही काढली. ९ फेब्रुवारीचं पान. सोनापट्टीतली शेवटची दुपार. माझंच अक्षर:

‘सोनं पाणी होणं.
सायीवानी जाळी.
पाणी उघडणं — आबा.
छातीत पाणी — वैद्यक. प्र.ला डॉक्टरांनी सांगितलं.’

शेवटच्या ओळीखाली तांबड्या पेन्सिलीची दुहेरी रेघ. समासात लिहिलंय: ‘छान! भाषणात घेणे.’

आता सगळं आठवतंय. खोकला थांबल्यावर तो म्हणाला होता, ‘काका, डॉक्टर म्हणतोय छातीत पाणी झालंय.’ आणि मी पेन्सिल उचलली होती! विचारलं नाही — कधीपासून, किती, दवाखाना कुठला, घरी सांगितलंस का. म्हटलं, ‘अरे वा, हा एक राहिलाच होता.’ आणि घेतलाच भाषणात. ‘डॉक्टरांचं पाणी गुडघ्यातही होतं आणि छातीतही होतं, माणूस नव्हे, माठ!’ सगळ्यांत मोठा हशा त्याला मिळाला होता. तो शेवटच्या रांगेत, कालिंदीला टेकून बसलेला.

ती त्याचा दंड धरून नेत होती, कारण त्याला चालवत नव्हतं.

रोजच्या या वहीत आधी तब्येती लिहितो. गेल्या तीन महिन्यांची पानं चाळली. तब्येतींत त्याचं नाव एकदाही नाही.

२४ मार्च

अंकासाठी थांबायचं नाही. पत्र आजच टाकलं. इथे उतरवून ठेवतो.

‘चि. प्रभाकर, आधी तब्येत. छातीतलं पाणी काढलं का? दम लागतो का? रात्री आडवं पडता येतं का? जेवण जातं का? कालिंदीची प्रकृती कशी आहे, तुझी उस्तवार करताना ती स्वतः जेवते का? हे सगळं ९ फेब्रुवारीला विचारायचं राहिलं. शब्द एकही नको मला. तुला लिहवत नसेल तर कालिंदीला सांग, ती लिहील. दोनच ओळी, पण लवकर लिहा.’