पडद्याबाहेरचा गुरुवार

३ मार्च, मंगळवार
सहा ब्रेकपॉइंट ठरवले! म्हणजे पडदा किती रुंद असला की डायलिसिस केंद्राच्या वेळापत्रकाने आपली मांडणी बदलायची, ते सहा आकडे. बाजारातल्या झाडून सगळ्या फोनची मापं घेतली. शिंप्यानेही एवढी घेतली नसती. नवऱ्याला आकडे वाचून दाखवले. तो म्हणाला, लॉटरी लागली तर सांग.

९ मार्च, सोमवार
वेळापत्रकाचं वेबपान सुरू झालं. केंद्रातल्या मुख्य सिस्टर म्हणाल्या, छान दिसतंय. दिवसभर जमिनीपासून चार बोटं वरच होते.

१३ मार्च, शुक्रवार
सिस्टरचा फोन. घड्याळं दुरुस्त करणारे एक गृहस्थ दर सोमवारी-गुरुवारी डायलिसिसला येतात. काल आलेच नाहीत. आज बायको घेऊन आली — पाय सुजलेले, धाप लागलेली. म्हणाले, वेळापत्रकात माझा गुरुवार नव्हता.
मी म्हटलं, आहे की! मला इथे दिसतोय.
“तुम्हाला दिसतोय हो,” सिस्टर म्हणाल्या. “पण रुग्ण तुम्ही नाही.”
ते आता बरे आहेत. फोन ठेवल्यावर माझ्या मनात पहिलं काय आलं? त्यांचा फोनच जुनाट असेल. लिहायला लाज वाटते, पण लिहिते.

१६ मार्च, सोमवार
केंद्रात गेले. घड्याळजी यंत्राला जोडून पडलेले. मोकळ्या हाताने फोन दिला. जुनाट कसला — माझ्यासारखाच फोन, त्याच रंगाचा! फक्त अक्षरं सगळ्यात मोठी केलेली. त्या अक्षरांत बुधवारपर्यंतचे रकाने मावत होते. गुरुवार पडद्याबाहेर. आणि पान बाजूला सरकवता येऊ नये ही सोय मीच केलेली, दिसायला नीटनेटकं म्हणून. धन्य मी.
मोठी अक्षरं का, ते त्यांनी आपणहून सांगितलं. दिवसभर डोळ्याला भिंग लावून बारीकच बघतो, घरी तरी मोठं दिसू दे.
मी माफी मागितली. ते रागावले नाहीत, हे जास्त लागलं. म्हणाले, “घड्याळ बंद पडलं की गिऱ्हाईक म्हणतं सेल गेला. मी उघडून बघेपर्यंत काही म्हणत नाही.”
गेली अकरा वर्षं मी उंटावरून शेळ्या हाकतेय. उंटही भाड्याचा.

१८ मार्च, बुधवार
फोनच्या मापांची यादी फाडली. अक्षरं त्यांच्याएवढी मोठी केली, खिडकीचा कोपरा धरला आणि हळूहळू अरुंद करत आणली. जिथे वारांची दाटी व्हायला लागली, तिथे थांबले. तोच ब्रेकपॉइंट. असे दोनच निघाले! मापंही आता अक्षराच्या आकारावर बांधली — अक्षर वाढलं की पान आधीच मांडणी बदलतं. अगदी अरुंद झालं की रकाने नाहीतच, वाराखाली वार.
सहाचे दोन झाले. नवरा म्हणाला, निम्म्याहून जास्त हुशारी गेली की तुझी. गेली खरी.

२३ मार्च, सोमवार
केंद्रात घड्याळजींनी अंगठ्याने पान खाली ओढलं आणि गुरुवारवर थांबले. मी उगाच उठून पाणी प्यायले.

९ एप्रिल, गुरुवार
पानावर घड्याळजींची गुरुवारची जागा रिकामी दिसतेय. तासभर चूक शोधली. दोन्ही मांडण्या तपासल्या, खिडकी शंभरदा ओढली. मग वाटलं, चूक पानात नसेलच तर? सिस्टरला फोन लावला आणि आधी पानाबद्दलच विचारलं.
चूक नव्हती. थोरल्या बहिणीने त्यांना मूत्रपिंड दिलं, परवा शस्त्रक्रिया झाली. “लघवी व्हायला लागली,” सिस्टर म्हणाल्या, घरात कुणाचा तरी पहिला नंबर आल्यासारख्या. आता त्यांना माझं पान उघडायची गरज नाही.