तासाला चार मैल

प्रिय एल्डनदादांना,
धाकट्या चुलतभावाचा, म्हणजे वर्लिनचा, टोपी काढून नमस्कार.

तुमची तब्येत बरी असेल, लवॉनवहिनींचा खोकला गेला असेल आणि तुमची ती एका डोळ्याची मांजर अजूनही पोस्टमनवर गुरगुरत असेल अशी आशा करतो. इकडे देवाच्या कृपेने सगळे ठीक आहेत. मका खांद्याला लागला आहे. रविवारी चर्चमध्ये तुमच्या जागेवर अजून कोणी बसत नाही. खालच्या सुरात गाणारं कोणी उरलं नसल्यामुळे आमची स्तोत्रं छताकडे उडतात आणि तिथेच कुठेतरी अडकून राहतात. तुम्ही यायचं थांबवलंत त्याला सप्टेंबरात दोन वर्षं होतील. ‘रेडिओवरचा पाळक बरा बोलतो’ हा तुमचा निरोप वहिनींनी सांगितला, तो मी आमच्या पाळकसाहेबांपासून लपवून ठेवला आहे. पण हे पत्र त्या विषयावर नाही. हे पत्र आमच्या फ्लोरिडाच्या सहलीविषयी आहे, तेव्हा निर्धास्तपणे वाचा.

निघायच्या चार दिवस आधी, मंगळवारी सकाळी, मी कोंबड्यांच्या खुराड्याचं छप्पर दुरुस्त करायला चढलो आणि ठरवलं होतं त्यापेक्षा लवकर खाली आलो. घोट्याचं हाड दोन ठिकाणी मोडलं. (कोंबड्यांनी त्या दिवशी अंडी दिली नाहीत. माझ्या काळजीने, असं मी मानतो.) तुम्ही धान्याच्या कोठीवरून तीस फूट खाली आलात आणि तेव्हापासून चाकाच्या खुर्चीत आहात, मी आलो सात फूट. आपल्या खानदानात तुमची बरोबरी कोणत्याच बाबतीत कोणाला जमलेली नाही. डॉक्टरांनी सहा आठवडे पाय जमिनीला टेकवू नका म्हणून सांगितलं. मी म्हटलं, सहल पुढे ढकलू. पण आमची लेक टेसा सोळा वर्षांची आहे आणि तिने गेली तीन वर्षं भिंतीवर तिथल्या करमणुकीच्या पार्कचा नकाशा लावलेला होता. डोरीन म्हणाली, “तिथे बसून चालवायच्या स्कूटर भाड्याने मिळतात. गप बसायचं आणि यायचं.” गप बसणं हे माझं काम लग्नापासूनचंच आहे, त्यामुळे मी गेलो.

ही स्कूटर म्हणजे काय ते तुम्हाला ठाऊक असेल, पण ही तुमच्या खुर्चीहून फार वेगळी चीज आहे. पुढे टोपली, हातात दांडा आणि एक गोल बटण, ज्याच्या एका टोकाला कासवाचं चित्र आणि दुसऱ्या टोकाला सशाचं. ससा म्हणजे तासाला चार मैल. मी पन्नाशीला आलेला, ट्रॅक्टरवर वाढलेला माणूस, मला शिकवायला आलेल्या मुलीला मी सांगितलं, “बाई, मी मका कापायचं यंत्र चालवतो.” ती म्हणाली, “हो का? मग आधी मागे बघा.” मागे एक आईस्क्रीमची गाडी होती. आता ती जरा तिरकी आहे.

पहिल्या दिवसाअखेर माझा हात बसला. बसमध्ये शिरण्यावर मात्र माझा ताबा शेवटपर्यंत आला नाही. ड्रायव्हर फळी खाली सोडतो, सगळ्या रांगेला थांबवतो आणि मग तुम्हाला उलटं आत शिरायचं असतं. मागे जाताना यंत्र कोंबडीच्या पिल्लासारखं चिवचिवतं, म्हणजे ज्यांचं लक्ष नव्हतं त्यांचंही लक्ष जावं. मी सातव्या प्रयत्नात आत गेलो. चाळीस माणसं बघत होती. एक म्हातारे गृहस्थ आपल्या बायकोला म्हणाले, “अगं, याच्यापेक्षा आपली गाय लवकर गोठ्यात शिरायची.” मी मनात एक लहानशी प्रार्थना म्हटली. ती त्यांच्या भल्यासाठी नव्हती.

घरच्यांना माझा लगेचच उपयोग कळला. टोपलीत पाण्याच्या बाटल्या, पाठीला तीन पिशव्या, हँडलला टेसाचं जाकीट, मांडीवर भरलेलं अस्वल. दुपारी बाराला मी खेचर झालो होतो. आणि एक गंमत लक्षात आली, दादा. बसलेल्या माणसाशी कोणी बोलत नाही. सॉसेजच्या गाडीवरचा माणूस माझ्या डोक्यावरून डोरीनला विचारायचा, “यांना कांदा चालेल का?” मी तिथेच होतो. चर्चच्या कमिटीत दर महिन्याला तासभर बोलणारा माणूस मी, आणि माझ्या कांद्याचा निर्णय माझ्या डोक्यावरून होत होता. डोरीन म्हणाली, “नको, त्यांना जळजळतं.” मला कांदा हवा होता. त्या उंचीवरून जग म्हणजे निव्वळ पट्ट्यांची बकलं आणि लोकांच्या पोटांची रांग. आठवडाभर मी एकाही माणसाचे डोळे सरळ पाहिले नाहीत. एकदाच पाहिले, ते ओफीलियाबाईंचे.

त्याचं असं झालं. बोटीच्या राइडच्या बाहेर स्कूटर लावायच्या असतात. तिथे चाळीस लाल स्कूटर उभ्या होत्या, सगळ्या एकाच साच्यातल्या. मी बाहेर आलो, बसलो, किल्ली फिरवली आणि सशावर निघालो. (सगळ्यांना एकच किल्ली लागते. हे आधी सांगायला हवं होतं, असं माझं अजूनही मत आहे.) डोरीन आणि टेसा पुढच्या राइडच्या रांगेत उभ्या होत्या, म्हणून मी एकटाच तळ्याभोवती फेरी मारायला गेलो. पिशव्या डोरीनने नेल्या असाव्यात असं वाटलं, पण टोपलीत चांदीच्या कागदात गुंडाळलेली टर्कीची भाजलेली तंगडी दिसली. मनात आलं, बघा, बोलत नाही, पण डोरीनला माझी किती काळजी. डोळे मिटून (वेग कासवावर आणून) देवाचे आभार मानले, डोरीनसाठी वेगळी दोन वाक्यं म्हटली, पुन्हा सशावर आलो आणि एका हाताने खायला लागलो. मागून कोणीतरी हाका मारत होतं. वळून पाहिलं तर साधारण तीस फुटांवर एक जाडजूड म्हाताऱ्या बाई, जांभळी टोपी, तशीच स्कूटर, हात हलवतायत. मी तंगडी हलवून उत्तर दिलं. आमच्याकडे अनोळखी माणसालाही हात करतात.

आता दोन यंत्रं एकाच कारखान्यातली, दोन्ही सशावर. अंतर वाढेना आणि कमीही होईना. पूर्ण तळ्याला फेरी झाली, दादा, पाऊण मैल. त्या ओरडतायत, मी हात करतोय, आणि त्यांच्या डोळ्यांदेखत त्यांची तंगडी हाडाकडे सरकतेय. शेवटी बदकं आडवी आली म्हणून मी थांबलो. त्या शेजारी येऊन थांबल्या, धाप लागलेली, जणू त्याच पळाल्या होत्या. माझ्या हातातल्या हाडाकडे पाहिलं आणि म्हणाल्या, “चव कशी होती?”

मी सगळं समजलो. टोपलीच्या तळाला अर्धवट विणलेला मोजा होता. आमच्या घरात कोणी विणत नाही.

“बाई, मी चोर नाही. मी चर्चच्या कमिटीत आहे.”

“ते तर अजूनच वाईट.”

ओफीलिया ग्रिग्ज त्यांचं नाव. अलाबामाच्या, एकाहत्तर वर्षांच्या, चौतीस वर्षं शाळेची बस चालवलेली. त्यामुळे पळणाऱ्याला पकडायची त्यांना सवय होती. मी त्यांना दुसरी तंगडी घेऊन दिली आणि आम्ही झाडाखाली गाड्या लावून बोलत बसलो. त्यांच्या नजरेची उंची आणि माझी एकच होती, हे किती बरं वाटलं ते काय सांगू. बोलता बोलता विषय चर्चवर आला. मी आपल्या चर्चचं वर्णन केलं. आजोबांनी नदीवरून बैलगाडीने आणलेले चुनखडीचे दगड, त्यांच्या पाच पायऱ्या, बाजूने उतार बांधायचा ठराव दोनदा आला तेव्हा आजोबांचे दगड झाकले जातील म्हणून मी दोनदा कसा हाणून पाडला.

“मग माझ्यासारखी माणसं आत कशी जातात?” त्यांनी विचारलं.

मी अभिमानाने सांगितलं, “उचलतो आम्ही. माझा भाऊ आहे ना, एल्डन, त्याच्यासाठी चौघं जण ठरलेले होते. पुढच्या डाव्या बाजूला मी.”

“होते? आता?”

“आता तो येत नाही. रेडिओ ऐकतो.”

बाईंनी तंगडीचा एक घास घेतला, सावकाश चावला आणि म्हणाल्या, “वर्लिन, तू वाईट माणूस नाहीस. नुसता पुढच्या डाव्या बाजूचा आहेस.” मला त्याचा अर्थ लागला नाही. बसची शिस्त लावता लावता माणूस असं काहीही बोलायला लागतो, असं मी समजलो.

अर्थ दुसऱ्या दिवशी लागला. स्कूटर चार्ज करायचं काम टेसाकडे होतं. खोलीत पलंगाजवळ प्लग एकच, आणि तिने त्याला फोन लावला. यंत्र छोट्या आगगाडीच्या स्टेशनाखाली ससा-कासव दोन्ही सोडून बंद पडलं. पार्कवाल्यांनी साधी चाकाची खुर्ची आणून दिली, पण फलाटावर जायची लिफ्ट त्या दिवशी बंद होती. अकरा पायऱ्या. मी म्हटलं, राहू दे, मी खालून बघतो. तेवढ्यात एकसारखे शर्ट घातलेले चार जण पुढे आले. ओहायोचे अग्निशामक दलाचे लोक, सुट्टीवर आलेले. फार सज्जन माणसं. कोणी काही विचारायच्या आत चारही कोपरे धरले. “काका, घाबरू नका, आम्ही रोज माणसं उचलतो.” मी विचारलं, “कधी सोडलंत का कोणाला?” मागचा म्हणाला, “ज्यांना सोडलं ते तक्रार करायला येत नाहीत.”

एक, दोन, तीन. मी वर गेलो. टोपी पडली, शर्ट वर सरकला, पोट सगळ्या फ्लोरिडाला दिसलं. पाय पुढे, डोकं मागे, समोर फक्त आभाळ. रांगेतल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. एका बाईने फोटो काढला. आणि पुढच्या डाव्या बाजूच्या माणसाने, अगदी प्रेमाने, सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, “काय काका, नाश्त्याला पॅनकेक किती झाले?”

सगळे हसले. मीही हसलो. आणि हसताहसता ते हसू मी ओळखलं, दादा. तुम्हाला उचलत होतो ते सात महिने, दर रविवारी, मी ते हातभर अंतरावरून पाहत होतो. पॅनकेकचा विनोदही तोच, शब्दसुद्धा तेच. मला वाटायचं, तुम्हाला आवडतो.

बाकी सहल उत्तम झाली. हवा छान होती. टेसा सगळ्या राइडवर दोनदा बसली, डोरीनचं नाक सोललं. आगगाडीतून काय दिसलं ते मला सांगता येणार नाही, माझं लक्ष नव्हतं. वहिनींना नमस्कार, मांजरीला जपून.

तुमचा,
वर्लिन

ता. क. ओफीलियाबाईंनी टपालाने मोजा पाठवला आहे. एकच, प्लॅस्टरमधून बाहेर राहिलेल्या माझ्या बोटांसाठी. सोबत चिठ्ठी: दुसरा मोजा पायऱ्यांचं काय झालं ते कळवल्यावर.

ता. क. २. कमिटीत ठराव मी मांडला. पाळकसाहेबांनी मला ताप आहे का ते विचारलं. पाचही पायऱ्या मिळून उंची पस्तीस इंच, म्हणून इंचाला एक फूट या नियमाने उतार पस्तीस फूट. तो मेपलच्या झाडापर्यंत जातो आणि वळून परत येतो. आजोबांचे खालचे दोन दगड हलवावे लागले. ते आता झाडाखाली बसायला ठेवले आहेत. काँक्रीट गेल्या आठवड्यात वाळलं आणि मी उधार आणलेल्या खुर्चीत बसून त्याची परीक्षा घेतली. वर जाताना कोणाचाही हात लागला नाही. खाली येताना लागायला हवा होता. पाळकसाहेबांचं गुलाबाचं झुडूप आता पूर्वीसारखं नाही. कठडा परवा लावला.

ता. क. ३. दाराशेजारी रविवारच्या कामांची ती यादी तुम्हाला आठवत असेल. बर्फ काढणे, कॉफी, घंटा, आणि चौथ्या ओळीला ‘एल्डन उचलणे’, पुढे आमची चार नावं. दोन वर्षं ती तशीच लटकत होती आणि मी दर रविवारी तिच्याखाली छत्री ठेवत होतो. आज सकाळी ती चौथी ओळ मी खोडली. घंटेच्या ओळीतही खाडाखोड केली, कारण दोरी खालीच दारापाशी आहे आणि बसून ओढता येते. आता तिथे लिहिलं आहे: घंटा, साडेनऊ वाजता, एल्डन. शाईने लिहिलं आहे.