दोघांनी दुरुस्त केलेला चष्मा

ती. सासूबाईंना जावयाचा वाकून नमस्कार. (हे पत्र शेजारच्या काकू वाचून दाखवत असतील, त्यांनाही नमस्कार. काकू, कंसातलं गाळलंत तरी चालेल.) गुडघा काय म्हणतो? आम्ही मजेत आहोत, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो.

तुमचा नवा चष्मा अजून आला नाही, त्याला मी आणि तुमची लेक निम्मे निम्मे जबाबदार आहोत. मी डोळ्यांच्या दवाखान्यातून पेशंटची नावं कॉम्प्युटरवरून चष्म्याच्या कारखान्याला पाठवतो, आणि तिथे ती उतरवून घेते तुमची लेक. आता कॉम्प्युटर अक्षरं साठवतो आकड्यांत, आणि आमच्याकडे 'क'चा जो आकडा, तो त्यांच्याकडे कुठल्याच अक्षराचा नाही. त्यामुळे इथून नावं निघाली आणि तिकडे नुसती प्रश्नचिन्हं पोचली. मी गुपचूप नावं त्यांच्या आकड्यांत बदलून पाठवू लागलो. तिनेही, असा माझा अंदाज, तितक्याच गुपचूप आलेली नावं बदलून घ्यायला सुरुवात केली. दोनदा बदललेल्या नावांचा असा विचका झाला की प्रश्नचिन्हं परवडली. मग मी समजूतदारपणे थांबलो, तर नेमकी तीही समजूतदार निघाली. पुन्हा प्रश्नचिन्हं. पुन्हा दोघंही कामाला लागलो.

चष्मा तयार झाला की कारखान्याकडून तीच नावं आमच्या भिंतीवरच्या पडद्यावर येतात. ती वाचता येईनात, म्हणून चांगले बरे झालेले पेशंट नंबर वाढला म्हणत परत रांगेत बसले. डॉक्टरांनी स्वतःचा चष्मा बदलला, मग पडदा बदलला, मग भिंत रंगवून घेतली. एक निवृत्त मास्तर तेवढे सगळी नावं घडाघडा वाचून दाखवत होते. (त्यांचं ऑपरेशन परवा आहे.)

मग एकमेकांशी बोलत का नाही, असं तुम्ही म्हणाल. अहो, ऑफिसचा विषय घरात काढायचा नाही आणि घरच्यांचा फोन ऑफिसात घ्यायचा नाही, हे दोन्ही नियम लग्नात तुम्हीच घातलेत. आम्ही दोघंही हट्टी. जेवताना ती विचारते, मीठ बरोबर आहे का, मी म्हणतो, आहे. मला हे अजिबात सहन होत नाही.

तुमचा आज्ञाधारक (हाच तर घोळ आहे),
जावई

ता. क. एका संध्याकाळपुरता तो घरातला नियम उठवा. एवढ्यासाठीच हे रामायण लिहिलं. आपणहून आधी तोंड उघडेल तो हरला, आणि मी हरणार नाही.

ता. क. २. तुमची लेक आत्ता समोरच बसून पत्र लिहिते आहे. पाकिटावरचा पत्ता तुमचाच दिसतोय. एकाच पाकिटात घालूया का, असं विचारणार होतो, पण तिच्या पत्रात ऑफिसचं काही असलं तर? तेव्हा दोन पाकिटं येतील.