न सुकणारा थेंब

सोमवार, ३ मार्च, सकाळी ११.२०
झकास सुरुवात! नातेवाइकांची खोली लख्ख, उशी मऊ, वही कोरी. आत धाकट्या बहिणीचं यकृत बदलणं चालू आहे. जाताना तिने बजावलं, ताई, लोकांच्या चुका काढत बसू नकोस. पण नोंद हवीच: वरील वेळेला भूलतज्ज्ञ बाहेर आला आणि त्याच्या बाहीवरून रक्ताचा थेंब थेट या पानावर पडला. पुसून टाका मावशी, म्हणाला. मावशी! आमच्या कॉन्व्हेंटमध्ये शाईच्या डागालाही बोटांवर पट्टी बसे. मग त्यानेच समजावलं: आजारी यकृतामुळे रक्त गोठत नाही, पाण्यासारखं वाहतं. रक्ताच्या पिशव्या चढवतात, शिवाय सांडलेलं रक्त यंत्रात धुऊन परत तिच्यातच सोडतात. परकर धुवावा तसं. शी!

मंगळवार, ४ मार्च
चौदा पिशव्या लागल्या. सर्जन म्हणतो, नवं यकृत छान चाललंय. तरी रक्त थांबत नाही, कुठून जातं ते सापडत नाही. आणि थेंब सुकलेला नाही. बोट लावलं. कोमट. इथे फरशीला नि टेबलाला फडकं एकच. नर्सविरुद्ध तक्रार लिहायला घेते.

बुधवार, ५ मार्च
तक्रार दोन पानं झाली. त्याच तासात धाकटीला सहा पिशव्या. पानं चिकटलीत, उलगडताना पचपच वाजतात. गंजक्या खिळ्यांचा वास. दोनदा ओकले.

शुक्रवार, ७ मार्च, दुपारी ३
काल किळसेने वही उघडलीच नाही. काल पिशवीही नाही. धाकटी उठून बसली, हसली, म्हणाली, ताई, आज तोफ थंड कशी?
आज या चार ओळी, आणि नर्स पिशवी घेऊन धावली.
मी लिहिते ते तिच्यातून येतं.
दुसऱ्या कागदावर लिहून पाहिलं. तोही ओला. निळी शाई भरली होती. निबातून लाल—
सर्जनला सांगितलं. झोप काढा, म्हणाला.

४.१०
सर्जन यांस: हे कसं थांबवायचं, ते आज सायंकाळी पाचच्या आत लेखी कळवावे. तोंडी चालणार नाही. तिच्या गटाच्या दोनच पिशव्या उरल्या—
एक.
थांबते. थांबलंच पाहिजे. पण बिनसहीची तक्रार कोण वाचतं? फक्त सही कर—