माळ्यावरची ट्यूब

गुरुवार, संध्याकाळ

पिंकीच्या सायकलची चेन उसळून मागच्या दांडीला लागते, रंग पार खरवडून निघालाय. त्यावर गुंडाळायला टायरची जुनी ट्यूब मी दिवाळीपासून माळ्यावर ठेवली होती. करणारच होतो ना! आज कारखान्यातून आलो, तर पोरीने तीच ट्यूब शेजारच्या सुरेशला नेऊन दिलेली. त्याने पट्टी कापून दांडीवर गुंडाळली, वर दोऱ्याने बांधलीसुद्धा.

"काकांनी दहा मिनिटांत केलं," म्हणे. आतून बायको, "सुरेशभाऊंचं काम म्हणजे काम!" आणि कारखान्यात दिवसभर बंद पडणारे कापडाचे लूम चालू करतो तो कोण?

चूक शोधायला वाकलो. एकही वेढा सैल नाही. तरी म्हटलं, "ढिली वाटते," आणि सगळी सोडली. ट्यूब माझी, पोरगी माझी. पण पुन्हा गुंडाळताना पट्टी सारखी सरकायची, शेवटचा वेढा काही बसेना. पॅडल फिरवलं तर चेन पट्टीलाच घासायला लागली.

पिंकी शेजारी उभी राहून बघत होती. मग भिंतीपलीकडे सुरेशला ऐकू जाऊ नये एवढ्या हळू आवाजात तिने विचारलं, "पप्पा, काकांना बोलावू?"