बोलका हातपंप

३ एप्रिल २०१६, रविवार
संकल्प. गावातल्या विद्यार्थ्यांत सामाजिक परिवर्तन घडवायचं. भाषणानं नाही, ‘इंटरॅक्टिव्ह इन्स्टॉलेशन’नं. बावीस वर्षं शाळेत ड्रॉइंग शिकवतोय, एवढं जमेल. जागा: बंद पडलेल्या दूध सोसायटीची भिंत. चेअरमन आबासाहेबांनी परवानगी दिली. दूरदृष्टीचा माणूस. पाण्याचा टँकरही त्यांच्याच दारात थांबतो. आम्हाला दोन घागरी आधी मिळतात.

८ एप्रिल
नेकनूरहून स्पीकर आणला. डिझाइन फायनल. कोरडा हातपंप दाबला की माझा आवाज: ‘बदल तुझ्यापासून सुरू होतो.’ शेजारी मोठा फळा. वर प्रश्न: मी काय बदलणार? मुलं खडूनं उत्तर लिहितील. शिपाई मुंजाजीनं विचारलं, ‘सर, दाबल्यावर पानी येतं का?’ संकल्पना समजावली. त्याला वेळ लागेल.

१५ एप्रिल
पंप बसला. मुलं आली नाहीत. ऊन लई. भीमनगरच्या भिमाबाईंनी घागर लावून बराच वेळ दाबला. माझा आवाज अकरा वेळा ऐकला. म्हणाल्या, ‘ह्यो मानूस गप बसत न्हाई का?’ लोकसहभाग उत्तम.

१९ एप्रिल
नववीतली सुजाता, भिमाबाईंची नात, फळ्यावर लिहिताना दिसली. पहिलं उत्तर. जवळ गेलो तर घरांची यादी, भीमनगरपासून सुरू. वर लिहिलंय: टँकर इथं थांबणार, नंबरानं पाणी. विषय सोडून आहे. अक्षर मात्र चांगलं.

२१ एप्रिल
पन्नासेक पोरी-बाया फळ्यासमोर रस्त्यात बसल्या. टँकर थांबला. भीमनगरच्या वाट्याला नेहमी तळाचं गढूळ यायचं. आज पहिली घागर भिमाबाईंची भरली. त्या रडल्या म्हणे. मी स्टाफरूममध्ये उपक्रमाचा अहवाल लिहीत होतो.

२२ एप्रिल
आबासाहेबांचा फोन. यादी पुसा, नाहीतर पंप उचला. पुसतो म्हणालो. कलाकृतीचं मूळ स्वरूप जपायलाच हवं.

२३ एप्रिल
सकाळी सातला डस्टर घेऊन गेलो. सुजाता फळ्याला पाठ लावून उभी. म्हणाली, ‘सर, प्रश्न तुमीच लिहिलता. आमी उत्तर लिहिलं.’ मागे बाया. डस्टर तसाच घेऊन उशिरा शाळेत आलो. पहिला तास बुडाला.

२६ एप्रिल
टँकर आता रोज तिथंच. स्पीकरची वायर कुणीतरी काढली. घरात पाणी संपलं. बायको म्हणाली, रांगेत जा. गेलो. यादीत आमचं नाव नव्हतं. सुजातानं विचारलं, ‘सर, शेवटी लिहू का?’ लिही म्हणालो. चौऱ्याहत्तरावा नंबर. चार तास उन्हात बसलो. एक घागर मिळाली. अहवाल तसाच पडलाय. त्यात माझं काम काय लिहायचं, सुचत नाही.